शिंदीच्या भाऱ्याखाली

जैतुनबी गेल्याचं मला अनसिंगच्या मोटारस्टँडवर कळलं. एका हमालानं सांगितलं. "ते फडेवाली बुढी होती ना, ते मेली," एवढंच. मी "हो का" म्हटलं आणि तिकिटाच्या खिडकीशी गेलो. गाडीत शेजारच्या माणसानं काडेपेटी मागितली, ती दिली. वाशीम येईपर्यंत बाहेर पाहत बसलो. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

आजवर मी पत्रकंच लिहिली आहेत. वर मोठ्या टायपात मथळा, खाली आरोप, शेवटी उद्गारचिन्ह. माणसाबद्दल लिहायचा सराव नाही. गावाचं नाव मी लिहिणार नाही. माणसांची नावं बदलली आहेत, तिचंही बदललं आहे. आता लिहिल्यानं कुणाचं काही मोडणार नाही एवढी खात्री करून घेतली आहे. हे शहाणपण मला उशिरा आलं. कसं आलं ते पुढे येईलच.

ती शिंदीच्या पानांचे फडे विकायची. अंगण झाडायचे फडे, आणि चटया. नवरा मंगरूळपीरचा, त्याचाही हाच धंदा. तो वारल्यावर ती अनसिंगच्या बाजूच्या एका वाडीत येऊन राहिली, कारण तिथल्या नाल्याला शिंदी दाट होती. लोक गणगोत पाहून गाव धरतात. हिनं झाड पाहून धरलं. अंगानं काटकुळी, हाताची बोटं मात्र पुरुषासारखी जाड, आणि नखांत कायम हिरवट काळं. सगळ्यात चांगली चटई ती विकायची. त्याहून चांगली वर्षातून एकदा पायी चालत मंगरूळपीरच्या दर्ग्यात नेऊन अंथरायची. स्वतः फाटकीवर झोपायची. मी एकदा त्यावरून बोललो तर म्हणाली, "झोपल्यावर कोनाले दिसते रे चटई?"

मला ती भेटली दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत. पीक बुडालं होतं आणि जो दाणा होता तो कुठे जाऊन बसला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. वाशीमच्या आमच्या सेवा मंडळानं ठरवलं की गावोगाव रानातलं अन्न आणि हस्तकला शिकवायची. मी एका पुस्तकावरून एकवीस रानभाज्यांची यादी उतरवली, छापून घेतली आणि शिकवणारं माणूस शोधायला अनसिंगच्या बाजारात गेलो. लोकांनी हिच्याकडे बोट दाखवलं. मी यादी पुढे केली. तिनं कागद उलटा केला, सुलटा केला आणि नाकाला लावला.

"याच्यात भाजी कुठी हाय?"

"नावं आहेत, चाची. एकवीस."

"खाल्ल्या तू?"

"सगळ्या नाही."

"किती?"

"माठ खाल्लाय."

"माठ तं माही बकरीबी खाते." असं म्हणून तिनं फड्यांच्या ढिगामागून एक खरबरीत कांदा काढला, विळ्यानं त्याची ढलपी उडवली आणि माझ्या हातावर ठेवली. "खाय."

मी खाल्ली. घसा पेटला, जीभ लाकडासारखी झाली. ती फड्यांवर हात आपटून हसत होती. तो कच्चा कडूकांदा होता. जंगलातल्या वेलाचा. पातळ काप करून राखेच्या पाण्यात तीन दिवस ठेवला, पाणी बदलत राहिलं, मग उकडला, तर माणसाचं पोट भरतो. न करता खाल्ला तर माणूस आडवा होतो.

"आता दोन झाल्या," ती म्हणाली. "एकोनीस राह्यल्या. चाल, कागदवाल्या."

पुढे कायम मी कागदवालाच राहिलो.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी तिच्याच गावच्या चिंचेखाली पाटी लावली : रानातले अन्न, मोफत शिक्षण. दोन म्हाताऱ्या मजूरबाया आल्या. त्यांना माझ्या यादीतलं सगळं ठाऊक होतं आणि वर आणखी दहा. तेवढ्याच. बाकी गाव दारात उभं राहून पाहत होतं. जैतुनबीनं विचारलं, पाटीवर काय लिवलं. मी वाचून दाखवलं.

"पुस ते."

"का?"

"कोन येईन? आमच्या घरी दाना सरला, असं कपायावर लिवून कोनती बाई येईन इथी?"

"मग काय लिहू?"

"चटई लिव. पोरीच्या रुखवतात चटई मांडतेत. चटई शिकाले पाटलीनबी येईन."

मला ते पटलं नाही. भूक लपवायची कशाला? भूक ही काय त्या बायांची चूक होती? हे सगळं मी तिला तावातावानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पदरानं पाटी स्वतःच पुसली. पुढच्या आठवड्यात चौदा बाया आल्या. चांगल्या घरच्या, मोठ्या दारांच्या. शिंदीची पाती आणायला सगळ्या तिच्यासोबत नाल्यात उतरल्या, आणि तिथं, झाडीआड, खरा वर्ग सुरू झाला.

तरोटा, घोळ, माठ त्या सगळ्यांना माहीत होते. पावसाळ्यात तरोट्याची भाजी केली म्हणून कुणाची मान खाली जात नाही. पण पाला निबर झाल्यावर काय? उन्हाळ्यात नाल्याची माती भेगाळल्यावर काय? जैतुनबीचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात होतं. "मंग काय?" ती प्रत्येकीला विचारायची. एखादीनं उंबर म्हटलं की, "उंबर सरले. मंग काय?" बोरं म्हटलं की, "बोरं सरले. मंग?" बाई गप्प झाली की ती पुढे चालू लागायची आणि बाई मागून जायची. लहानपणी तिनं दुष्काळ पाहिला होता. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. या प्रश्नापुरतीच त्याची ओळख होती.

कडूकांद्याचे काप ती एकेक करून उन्हाकडे धरायची.

"सूर्य दिसते काय?"

"दिसते ना, चाची."

"कुठी दिसते? मले तं हे तुह्या अंगठ्यावानी जाड दिसून राह्यलं." आणि काप परत पाटावर.

चटईतही तसंच. पात्यांची पट्टी विणताना एक घर चुकलं की ती फक्त "उसव" म्हणायची. सबंध वर्गात हाच शब्द. गोदाबाई नावाची एक बाई होती, गावातल्या मानाच्या घरची, तिघी पोरींची आई. तिला एक पट्टी पाच वेळा उसवायला लावली. पाचव्यांदा गोदाबाई म्हणाल्या, "चाची, आता माहे बोटंच तेवढे उसवाचे राह्यले." बाया हसून हसून लोळल्या. जैतुनबी हसली नाही. तिनं पट्टी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "ठेव. हे पोरीच्या चटईत घाल." गोदाबाईंची थोरली वच्छी. रिसोडच्या बाजूला तिचं जमलं होतं, वैशाखात लग्न होतं.

परतताना प्रत्येकीच्या डोक्यावर शिंदीचा भारा असायचा आणि भाऱ्याच्या पोटात कांदे, मुळं, शेंगा, जे मिळालं ते. जैतुनबीनं एक गाठ शिकवली होती. ती ओढून सुटत नसे, भारा खाली ठेवून दोन्ही हातांनीच सोडावी लागे. म्हणजे ती घराच्या आतच सुटणार. वाटेत कुणी विचारलं "काय आनलं वं?" तर उत्तर एकच, "शिंदी." विचारणाऱ्याला ठाऊक असायचं, सांगणारीला ठाऊक असायचं. गडीमाणसं तर भारा दिसला की गुरांकडे पाहायला लागत. एवढा सभ्यपणा मी कुठल्याच सभेत पाहिला नाही. तेव्हा मात्र मला त्याचा रागच यायचा. मला वाटायचं, हे सगळं गाव मिळून जुलमाला झाकून ठेवतंय.

एकदा दुपारी मी गोदाबाईंच्या ओट्यावर टेकलो होतो. जेवणवेळ होती. पाहुण्याला उपाशी कसं पाठवणार? त्या आत गेल्या, खूप वेळ बाहेर आल्या नाहीत. मग ताट आलं. त्यात उकडलेला कडूकांदा, वर तिखट-मीठ, आणि भाकरीचा एक चतकोर. त्या घरात त्या दिवशी तेवढीच भाकरी असावी. गोदाबाई खाली पाहत म्हणाल्या, "भाऊ, आज हेच हाय. तुमी आमचेच म्हून वाढलं." मी खाल्लं. चांगलं लागलं. तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी जैतुनबीलाही सांगितलं. ती विणत होती, तिनं हात थांबवला.

"गोदीनं तुले वाढलं?"

"हो."

"मंग तू आता त्या घरचा झाला," ती म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

थोड्याच दिवसांनी एक फिरतीवरचा साहेब गावात आला. मी आठवडाभर तयारी केली होती. भूक काय असते ते त्याला दाखवायचं होतं. पण जैतुनबीनं चिंचेखाली चटया मांडून ठेवल्या. चौदा बाया डोक्यावर पदर घेऊन, धुतली लुगडी नेसून ओळीनं बसलेल्या. साहेबानं एक चटई उचलून पाहिली. "खाना-पीना ठीक?" त्यानं विचारलं. जैतुनबी म्हणाली, "अल्ला का शुकर है, साहेब." एकीनंही मान वर केली नाही. साहेब खूश होऊन गेला. पुढे आमच्या मंडळाकडे कागद आला की या गावात टंचाई आढळली नाही, स्त्रिया हस्तकलेत गुंतलेल्या आहेत.

मी तिच्यावर ओरडलो. भर चिंचेखाली. "तुम्ही त्याला खोटं सांगितलंत! तो धान्य पाठवणार होता!"

"तो?" ती म्हणाली. "तो चटई न्याले आला होता, कागदवाल्या. पाह्य, एक कमी हाय."

खरंच एक कमी होती.

मी वाशीमला गेलो आणि लिहिलं. असं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. दाणा कुठे गेला, हा मथळा. टंचाई नाही म्हणणाऱ्यांनो, ऐका. पुरावा हवा ना? घ्या. आणि खाली गावाचं नाव, घराचं नाव, गोदाबाईंचं नाव. प्रतिष्ठित घरच्या या वीरमाता जंगलातला विषारी कडूकांदा उकरून, राखेच्या पाण्यात धुऊन आपल्या तीन लेकींना जगवत आहेत. नावाशिवाय पुरावा कसला, असं मला छापखान्यात सगळ्यांनी सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं.

कच्ची प्रत खिशात घेऊन मी गावात गेलो तेव्हा जैतुनबीनं ती बाहेर डोकावताना पाहिली.

"काय लिवून राह्यला?"

"साहेबाला उत्तर."

"कोनाचं वाईट तं नाही ना लिवलं?"

"वाईट कुणाचंच नाही. चांगलंच लिहिलंय."

हे खरं होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मान हलवली.

पत्रक वाशीमला वाटलं गेलं, मंगरूळपीरला गेलं, रिसोडच्या बाजारात गेलं. साहेबापर्यंत गेलं की नाही ते माहीत नाही. वच्छीच्या सासऱ्यापर्यंत गेलं. म्हणजे जो सासरा व्हायचा होता त्याच्यापर्यंत. तो म्हातारा चैत्रात एकटाच आला. ओट्यावर बसला. पाण्याचा गडवा समोर ठेवला, त्याला हात लावला नाही. तो काय बोलला ते मला नंतर कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पोरगी सोन्यावानी हाय. माहं काही म्हननं नाही. पन आमच्या गावात चावडीवर वाचलं हे. कांदे उकरनाऱ्या घरची सून आनून राह्यला म्हनतेत. मी कोनाकोनाचं तोंड धरू?" मग उठला, गोदाबाईंना रामराम केला आणि गेला.

ज्यांनी दाणा दाबून ठेवला होता त्यांच्या घरची लग्नं त्याच वैशाखात वाजतगाजत झाली. हे लिहून ठेवतो. लिहून काही होत नाही, तरी.

लग्न मोडल्याचं कळून मी गावात पोहोचलो तेव्हा चिंचेखाली कोणी नव्हतं. बाया गोदाबाईंच्या ओट्यासमोर जमल्या होत्या. मला पाहून कोणी सरकलं नाही.

"चाचीनंच सांगतलं असन," एक म्हणत होती. "कोनाच्या भाऱ्यात काय, हे तिलेच ठाव."

"चाचीनं नाही सांगितलं," मी म्हणालो. "कागद माझा आहे."

"कागद तुहा हाय ते आमाले दिसून राह्यलं. तुले सांगतलं कोनं?"

मी तोंड उघडलं. गोदाबाई दारात उभ्या होत्या, हातात रिकामं सूप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं की मी काय सांगायला निघालो होतो. घरात कडूकांदा खाल्ला, हे गाव उद्या विसरलं असतं. प्रत्येक घरात तो होताच. पण दारी आलेल्या पाहुण्याच्या ताटात वाढला? ते तिथं कुणी विसरत नाही. पुढच्या दोन पोरींपर्यंत ते पुरलं असतं.

गोदाबाई बोलल्या नाहीत. मी बोललो नाही. माझ्या मागून जैतुनबीचा आवाज आला.

"मीनंच सांगतलं," ती म्हणाली. "बुढी झाली. तोंड राहत नाही."

मघाशी बोलणाऱ्या बाईनं पदर तोंडाला लावला. गोदाबाई आत गेल्या. दार लावलं नाही, नुसत्या आत गेल्या. मग एकेक करून सगळ्या पांगल्या. जैतुनबी वळून आपल्या झोपडीकडे चालू लागली. मी मागून गेलो.

"काहून, चाची?" मला तिचाच शब्द आला तोंडात. "काहून सांगितलं तुम्ही असं?"

"तिच्या घरी अजून दोन पोरी हाय. माह्या घरी कोन हाय?"

"पण मी खरं सांगतो त्यांना. उद्या."

ती थांबली. रागावली नव्हती. थकलेली दिसत होती, एवढंच. "तू आता काही बोलू नोको. तू बोलला का अजून एक कागद होते."

मी बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वाशीमला परतलो. आमच्या मंडळानं अहवालात लिहिलं की वर्ग यशस्वी झाला, चौदा महिलांनी लाभ घेतला. मी त्यावर सही केली. गावात तिला कुणी पाण्याला अडवलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्याशी बोलणं बंद झालं. तिचे फडे त्या गावात कुणी घेईना, ती अनसिंगच्या बाजारात नेऊन विकायची. वच्छीची चटई अर्धीच राहिली असं ऐकलं.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. त्याच वर्षी, आषाढात. पेरण्या झाल्या होत्या, घरांत दाणा नव्हता, शेतात अजून काही नव्हतं. मी दुसऱ्याच गावाला चाललो होतो आणि रस्ता त्या नाल्याच्या वरून जातो. खाली जैतुनबी दिसली. काठानं एकटीच चालली होती, कमरेला विळा. हाक मारावी असं वाटलं. मारली नाही.

मग मागचं दिसलं. तिच्यापासून शंभरेक पावलांवर गोदाबाई होत्या. त्यांच्या मागे तेवढंच अंतर ठेवून आणखी एक बाई, मग वच्छी, मग आणखी. सगळ्या विखुरलेल्या, एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या. जैतुनबी एका जागी वाकली, काहीतरी खुडलं, ओच्यात टाकलं, पुढे गेली. गोदाबाई चालत त्या जागेपर्यंत आल्या, वाकल्या, तेच खुडलं. मागची आली, तिनंही तेच. कोणी बोलत नव्हतं. एका ठिकाणी जैतुनबीनं धोतऱ्याचं कोवळं रोप उपटलं, मुळं वर करून खडकावर आडवं टाकलं आणि त्यावर धोंडा ठेवला. मागं वळून पाहिलं नाही. गोदाबाई त्या धोंड्यापाशी आल्या, थांबल्या, आणि मागच्या बाईला हातानं खुणावलं, इकडून नको, तिकडून.

पुढे नाला वळतो आणि चढ लागतो. तिथं जैतुनबीला दम लागला असावा. ती सगळ्यांकडे पाठ करून एका खडकावर बसली. मागच्या बाया जिथल्या तिथं थांबल्या. कोणी पुढे झालं नाही, कोणी परत फिरलं नाही. काही जणी उकिडव्या बसल्या आणि तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या. बराच वेळ गेला. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि मागच्या सगळ्या उठल्या.